शिखर नंतर, मुक्काम आधी: आल्प्समधल्या निवाऱ्यांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला गिर्यारोहणाशी काय देणंघेणं? उत्तर सोपं आहे. माणूस पुढचं ठरवतो कसं, अनिश्चित गोष्टीविषयी विचार करून निर्णयाला येतो कसा, हा आमचा जुना प्रश्न. आणि एखाद्या उंच पहाडातल्या निवाऱ्यापर्यंतची अवघड पायवाट आखणं हे त्याचं फार स्वच्छ उदाहरण आहे. तिथे चुकीच्या विचाराची किंमत त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळते.

एका ठिकाणापासून सुरुवात करू. स्वित्झर्लंडची सहल केलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण युंगफ्राउयोखला जाऊन आलेले असतात. ३४५४ मीटर उंची, १९१२ साली सुरू झालेली दातेरी रुळांची आगगाडी, वर भारतीय जेवणसुद्धा मिळतं. सज्जात उभं राहिलं की दक्षिणेकडे पांढऱ्या रस्त्यासारखी एक हिमनदी खाली उतरत जाताना दिसते. ती आलेच हिमनदी, आल्प्समधली सर्वांत मोठी, लांबी सुमारे २० किलोमीटर. आपण फोटो काढतो, हात चोळतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून परततो. पण त्याच जागेवरून दोर बांधलेली माणसं त्या बर्फावर उतरतात आणि काही तासांनी कॉनकॉर्डिया नावाच्या निवाऱ्यात मुक्कामाला पोचतात. एकाच गाडीने आलेले दोन प्रवासी, एकाला परतीचं तिकीट पुरतं आणि दुसऱ्याला दीडशे-दोनशे वर्षांचं साचलेलं शहाणपण लागतं. त्या शहाणपणाविषयी आज बोलायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आल्प्समध्ये माणसं हजारो वर्षं राहतायत, पण शिखरांवर जाण्याची आखणी कुणी करत नसे. आखणी व्हायची ती खिंडी ओलांडण्याची. म्हणून सर्वांत जुने निवारे खिंडीत आहेत. ग्रेट सेंट बर्नार्डच्या खिंडीत, २४६९ मीटरवर, अकराव्या शतकात स्थापन झालेलं धर्मगृह आजही आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर धर्मशाळाच. वाटसरू कोण, कुठला, हे विचारायच्या आधी दार उघडायचं, हा तिथला धर्म. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे याच दाराशी आपल्याला परत यायचं आहे.

शिखराची ओढ अठराव्या शतकातली. जिनिव्हाचा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा निसर्गशास्त्रज्ञ, आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापकही, म्हणजे आमच्याच जातकुळीतला. त्याने १७६० साली शामोनीत जाहीर केलं की माँ ब्लाँची वाट शोधून देणाऱ्याला बक्षीस देईन. ते जिंकायला २६ वर्षं लागली. ८ ऑगस्ट १७८६ रोजी गावचा डॉक्टर मिशेल पाकार आणि स्फटिकं शोधणारा जाक बाल्मा हे दोघे वर पोचले. इतकी वर्षं का लागली? दमछाक, हवामान ही कारणं होतीच. पण एक मोठं कारण असं की बर्फावर रात्र काढली तर माणूस मरतो अशी समजूत पक्की होती. त्यामुळे प्रत्येक प्रयत्न एका दिवसात वर आणि खाली असा आखला जायचा, आणि ४८०० मीटरच्या डोंगराला ते गणित जमेना. म्हणजे अडचण पायांत जेवढी होती, तेवढीच वेळापत्रकात होती. स्वतः सोस्यूरने १७८५ साली दुसऱ्या बाजूने प्रयत्न करताना वाटेत दगडांची एक झोपडी बांधून घेतली होती. तो प्रयत्न फसला, पण 'आधी मुक्काम बांधा, मग चढा' हा विचार तिथे दिसतो. १७८७ मध्ये तो माँ ब्लाँच्या माथ्यावर गेला तेव्हा बरोबर त्याचा नोकर, १८ वाटाडे आणि मोजमापाच्या उपकरणांचा बोजा होता.

आता १८२० कडे येऊ. इथे आपण जरा थांबणार आहोत, कारण आखणीचा खरा नैतिक प्रश्न इथे उभा राहतो.

रशियाच्या झारच्या पदरी असलेला डॉक्टर जोसेफ हामेल दोन इंग्रज तरुणांना आणि वाटाड्यांच्या मोठ्या तुकडीला घेऊन माँ ब्लाँला निघाला. ग्राँ म्यूले नावाचा खडकाचा सुळका हिमनदीतून वर आलेला आहे, तिथे त्यांनी उघड्यावर मुक्काम केला. हवामान बिघडलं. एक पूर्ण दिवस तिथेच अडकले. वाटाड्यांचं मत होतं की खाली उतरावं, ताजं बर्फ पडलंय. त्या वेळच्या वृत्तांतांतून दिसतं की पाहुण्यांना माघार घ्यायची नव्हती, आणि भित्रेपणाचा शब्दही निघाला. २० ऑगस्टला सगळे वर निघाले. उतारावर आडवं चालत असताना पायाखालचं ताजं बर्फ सुटलं आणि हिमस्खलनात तीन वाटाडे खालच्या खोल भेगेत गाडले गेले. पियेर बाल्मा, पियेर कारिये आणि ऑग्युस्त तेराझ. हामेल वाचला. दोन्ही इंग्रज वाचले.

बघा, इथे आखणी कुणाची होती आणि जोखीम कुणाची? ज्याला डोंगर कळत होता त्याच्याकडे निर्णय नव्हता, आणि ज्याच्याकडे निर्णय होता त्याला डोंगर कळत नव्हता. दोघांमध्ये होता मजुरीचा करार. आपण एरवी म्हणतो 'ज्याचं जळतं त्याला कळतं', इथे ज्याला कळत होतं त्याचंच जळलं.

शामोनीच्या लोकांनी यातून जे केलं ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. रडून मोकळे झाले नाहीत. पुढच्याच वर्षी, १८२१ साली, त्यांनी वाटाड्यांची संस्था उभी केली. ती आजही चालू आहे. कामाची पाळी सगळ्यांना क्रमाने, म्हणजे पोटासाठी एकमेकांचे पाय ओढायला नको. मेलेल्याच्या आणि जायबंदी झालेल्याच्या घरासाठी मदतनिधी. आणि नियम. पाहुण्याशी एकट्याने वाद घालणारा गरीब वाटाड्या वेगळा, आणि 'आमच्या संस्थेचा नियम असा आहे' असं म्हणणारा वाटाड्या वेगळा. पुढे १८५३ साली त्याच ग्राँ म्यूलेच्या सुळक्यावर, सुमारे ३०५० मीटरवर, शामोनीच्या वाटाड्यांनी एक झोपडी बांधली. हामेलची माणसं जिथे वादळात बसली होती, तिथे आता छप्पर आलं. छप्पर आलं म्हणजे थांबता येतं, आणि थांबता आलं म्हणजे 'आज नको' म्हणता येतं. निवाऱ्याचा पहिला उपयोग तोच.

या गोष्टीला एक शेपूट आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स हिमनद्यांचा वेग मोजत होता. त्याने हिशेब करून सांगितलं की ते तिघे साधारण ४० वर्षांनी हिमनदीच्या खालच्या टोकाशी बाहेर येतील. १८६१ साली, म्हणजे ४१ वर्षांनी, बोसाँ हिमनदीच्या पायथ्याशी अवशेष आणि सामान सापडू लागलं. त्या दिवशी वाचलेला एक वाटाड्या तेव्हा हयात होता, म्हातारा झाला होता. मेलेल्या सोबत्यांचं वय मात्र वाढलेलं नव्हतं. शास्त्राचं भाकीत इतकं अचूक आणि इतकं निष्ठुर क्वचितच ठरलं असेल.

हिमनदी चालते, हेही एका झोपडीमुळेच लोकांच्या डोळ्यांना दिसलं. फ्रान्झ योसेफ हुगी या स्विस अभ्यासकाने १८२७ साली उंटरआर हिमनदीवर काम करण्यासाठी एक साधा आसरा उभारला. झोपडी जागची हलणार नाही असं आपण गृहीत धरतो. पण पुढे लुई अगासी तिथे आला तेव्हा ती झोपडी बर्फावर बसून खाली सरकलेली होती. १८४१ पर्यंत, १४ वर्षांत, ती जवळजवळ १४०० मीटर चालून गेली होती. अगासीने स्वतः १८४० साली त्याच हिमनदीवर एका प्रचंड शिळेखाली मुक्काम ठोकला आणि त्याला थाटात नाव दिलं 'न्यूशातेलकरांचं हॉटेल'. हॉटेलही अर्थातच चालत होतं.

यानंतरचा काळ संस्थांचा. १८५७ मध्ये लंडनला अल्पाइन क्लब निघाला, १८६२ मध्ये व्हिएन्नात, १८६३ मध्ये स्वित्झर्लंड आणि इटलीत, १८६९ मध्ये म्युनिकला. स्विस क्लबमागे एक चिडचिड होती. रुडॉल्फ थिओडोर सिम्लर या बर्नच्या अभ्यासकाचं म्हणणं होतं की आपले डोंगर आपल्याला इंग्रजांच्या पुस्तकांतून समजावेत ही शरमेची गोष्ट आहे. (हे वाक्य ऐकताना आपल्याकडच्या काही जणांना स्वतःच्या गॅझेटिअरची आठवण झाली असेल!) १९ एप्रिल १८६३ रोजी ओल्टन गावी पस्तीसएक माणसं जमली आणि स्विस अल्पाइन क्लब स्थापन झाला. गंमत अशी की क्लबने त्याच वर्षी केलेलं पहिलं ठोस काम म्हणजे ट्योडी पर्वताच्या कुशीत, साधारण २४५० मीटरवर, ग्र्यूनहॉर्नचा दगडी निवारा. घटना-नियमावलीवर वाद घालत न बसता आधी चार भिंती बांधल्या. आज त्या क्लबचे दीडशेच्या आसपास निवारे आहेत. १८६५ ची मॅटरहॉर्नची दुर्घटना, सात जण वर गेले आणि उतरताना दोर तुटून चार जण पडले, ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय की आपण ती सोडून देऊ.

निवाऱ्याने नेमकं बदललं काय? त्याने दिवस उलटा केला. दरीतून निघालेला माणूस दुपारी बर्फावर पोचतो, आणि दुपार ही तिथली सर्वांत वाईट वेळ. रात्री गोठलेले बर्फाचे पूल, म्हणजे भेगांवरची झाकणं, उन्हाने मऊ होतात. दगडांना धरून ठेवणारं बर्फ वितळतं आणि दगड सुटू लागतात. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-वादळं जमतात. निवाऱ्यात झोपलेला माणूस पहाटे तीन-चारला न्याहारी करून कंदिलाच्या, आता डोक्यावरच्या दिव्याच्या, उजेडात निघतो आणि दुपारच्या आत परततो. म्हणून या निवाऱ्यांत रात्री दहाला दिवे मालवतात आणि पहाटे तीनला भांडी वाजतात. एका ओळीत टाकलेल्या गाद्या, ओल्या मोज्यांचा वास, घोरणारे शेजारी. कुणी त्याला सुख म्हणणार नाही.

दुसरा बदल झाला कागदावर. जनरल दुफूरच्या देखरेखीखाली १८४५ ते १८६५ या काळात १:१,००,००० प्रमाणाचा स्वित्झर्लंडचा नकाशा प्रसिद्ध झाला. नकाशा आला की घरी बसून हिशेब करता येतो. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गृहस्थाने एक सुटसुटीत नियम मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर २००० फुटांना आणखी एक तास. मध्य युरोपात आज वापरतात तो ठोकताळा थोडा वेगळा आहे. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढ तासाला ३०० मीटर, उतार तासाला ५०० मीटर. आडव्या अंतराचा वेळ वेगळा काढायचा, चढ-उताराचा वेगळा, आणि मोठ्या आकड्यात छोट्याचा निम्मा मिळवायचा.

आता आपली कॉनकॉर्डियाची वाट घालून बघू. युंगफ्राउयोखपासून धरा ८ किलोमीटर: दोन तास. उतार सुमारे ७०० मीटर आणि शेवटी निवाऱ्यापर्यंत दीडशे मीटर चढ: मिळून साधारण एक तास ५४ मिनिटं. दोन तासांत त्याचा निम्मा मिळवला की झाले तीन तास. कागदावर दुपारच्या चहाला पोचलात!

पण आकड्यात काय नाही ते विचारा. दोर बांधून चालणाऱ्यांत सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच सगळ्यांचा वेग. ताज्या बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर ताशी ४ किलोमीटर विसरा. धुकं उतरलं तर पांढऱ्यावर पांढरं, चढ की उतार तेही कळत नाही. आदल्या रात्री तुम्ही पुण्या-मुंबईच्या उंचीवर झोपला होतात की डोंगरात? तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दर रात्री ३०० ते ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असं सांगतात, आणि गाडी तर तुम्हाला एका दमात ३४५४ वर नेऊन ठेवते. उंची अंगाला काय करते हे तपासण्यासाठी माँते रोझाच्या ४५५४ मीटरच्या माथ्यावर १८९३ साली राणी मार्गेरिताच्या नावाने निवारा बांधला गेला. राणी स्वतः वर जाऊन राहिली, आणि पुढे अँजेलो मोसो या शरीरशास्त्रज्ञाने तिथे प्रयोग केले. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के असतो. आणखी एक, अगदी बारीक गोष्ट. आगगाडीने जायचं म्हणजे पहिली गाडी वर पोचेल तेव्हाच निघता येणार. पहाटेचा घट्ट बर्फ तुमच्या वाट्याला येतच नाही. म्हणजे सोय केली त्या आगगाडीनेच सर्वांत सुरक्षित तास काढून घेतले.

इथे ॲरिस्टॉटलला बोलावल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथात तो म्हणतो की जे अटळ आहे त्याबद्दल आपण विचारविनिमय करत नाही, आणि जे निव्वळ दैवाचं आहे त्याबद्दलही नाही. जे आपल्या हातात आहे पण ज्याचा शेवट निश्चित नाही, त्याबद्दल करतो. उद्या वादळ येईल का, यावर चर्चा नको, तो अंदाज वाचायचा. वादळ आलं तर कुठून मागे फिरायचं आणि किती वाजता, यावर चर्चा करायची. आणि ती दरीत, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना करायची. विसाव्या शतकाच्या अखेरीला वेर्नर मुंटर या स्विस वाटाड्याने हिमस्खलनाच्या संदर्भात हेच शिस्तीत बसवलं. तीन गोष्टी बघा: हवा-बर्फाची स्थिती, भूभाग आणि माणसं. आणि त्या तीनदा बघा: घरी, जागेवर पोचल्यावर, आणि प्रत्येक धोक्याच्या उतारापाशी. आपल्याकडच्या सहलींच्या आखणीत पहिल्या दोहोंबद्दल बरीच चर्चा होते. तिसरी, म्हणजे 'आपल्यातला कोण दमलाय आणि ते बोलायला लाजतोय', ही कुणी काढत नाही. हामेलच्या तुकडीत तीच निघाली नव्हती.

आता त्या दाराशी परत येऊ. निवारा सर्वांसाठी, असं आपण सहज म्हणतो. १९२१ साली जर्मन-ऑस्ट्रियन अल्पाइन संघाच्या व्हिएन्नातल्या 'ऑस्ट्रिया' शाखेने ज्यूंना सभासदत्व नाकारणारं कलम आणलं. बाहेर पडलेल्या ज्यूंनी आणि त्यांच्या काही स्नेह्यांनी मिळून 'डोनाउलांट' नावाची शाखा काढली. १९२४ मध्ये मूळ संघाने ती शाखाच हाकलून दिली. पूर्व आल्प्समधल्या कितीतरी निवाऱ्यांच्या दारांवर पाट्या लागल्या की ज्यू आणि डोनाउलांटचे सभासद इथे नकोत. लक्षात घ्या, हिटलर सत्तेवर यायला अजून कितीतरी वर्षं होती. आणि ही पाटी शहरातल्या क्लबच्या जिन्यावर नव्हती. ती अशा दारावर होती जिथे वादळात दुसरं दार नसतं. ज्याला ती पाटी लागू होती त्याच्या आखणीचं काय झालं असेल? नकाशावरचं घर असून नसल्यासारखं.

या लोकांनी मग काय केलं? स्वतःचं दार बांधलं. बर्लिनचे समविचारी गिर्यारोहक आणि डोनाउलांटचे लोक एकत्र आले, आणि झिलरताल डोंगरांत, सुमारे २५०० मीटरवर फ्रीझनबेर्ग हाउस उभं राहिलं. मराठीत ज्यांचं पुस्तक बरंच वाचलं जातं ते व्हिक्टर फ्रँकल हेही डोनाउलांटचे सभासद आणि निष्ठावान प्रस्तरारोहक होते. १९३८ नंतर संस्था मोडली, सभासद पांगले, काही मारले गेले. ते घर मात्र आहे, आणि आज तिथे असहिष्णुतेच्या विरोधात तरुणांची शिबिरं होतात. स्विस क्लबलाही साळसूद समजू नका. त्यांनी १९०७ साली स्त्रियांना बाहेर काढलं. स्त्रियांनी १९१८ मध्ये स्वतःचा क्लब काढला, आणि दोन्ही एकत्र यायला १९८० उजाडलं.

शेवटचा भाग आजच्या काळाचा, थोडक्यात सांगतो. जुनी आखणी एका गृहीतावर उभी होती: डोंगर तोच राहील, बदलेल ते हवामान. आता ते गृहीत सुटलं आहे. कॉनकॉर्डियाचा पहिला निवारा १८७७ साली बांधला तेव्हा तो हिमनदीच्या सुमारे ५० मीटर वर होता. आज खालचं बर्फ इतकं खचलंय की कड्याला लोखंडी जिने लावावे लागले, साडेचारशेच्या वर पायऱ्या. घर हललं नाही, खालची जमीनच निघून गेली. हुगीच्या झोपडीच्या नेमकं उलटं. ट्रिफ्ट निवाऱ्याकडे पूर्वी हिमनदीच्या जिभेवरून सरळ चालत जात असत. ती जीभ वितळून तिथे तळं झालं, वाट तुटली, म्हणून २००४ मध्ये झुलता पूल बांधला आणि २००९ मध्ये त्याच्या जागी १७० मीटर लांबीचा नवा. मुटहॉर्नचा निवारा २०२१ पासून बंद आहे, कारण वरच्या कड्याला आतून धरून ठेवणारं कायमचं गोठण सैल होतंय आणि कडा कोसळण्याची भीती आहे. दहा वर्षांपूर्वीचं वाटांचं पुस्तक घेऊन तिथे जाणं म्हणजे बंद पडलेल्या एस.टी.च्या वेळापत्रकावर विसंबणं.

मग तिथले लोक काय करतात? अगदी साधी गोष्ट. आदल्या दिवशी निवाऱ्याच्या रखवालदाराला फोन करतात. जागा राखून ठेवणं हा त्याचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे विचारणं: भेगा कितपत उघडल्यात, पाऊलवाट कुठून पडलीय, काल कोण आलं, किती वेळ लागला. आणि पोचल्यावर निवाऱ्याच्या वहीत नाव, संख्या आणि उद्या कुठे जाणार ते लिहायचं. बेत बदलला आणि येणार नसाल तर तसं कळवायचंच, नाहीतर कुणीतरी अंधारात दिवे घेऊन तुम्हाला शोधायला निघतं. शोधपथकं आजही सुरुवात त्या वहीपासून करतात.

प्रश्न असतील तर आता घेऊ.